शाळा बाराला सुटते, आई-बाबा आठला येतात

पत्र थोडक्यात असं: भांडुपला भाड्याच्या वन बीएचकेत राहणारं तिघांचं कुटुंब. पत्र लिहिणारी चौतीस वर्षांची आई ऐरोलीच्या एका आयटी पार्कात नोकरीला, नवरा बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात). मुलगी साडेतीन वर्षांची, येत्या जूनमध्ये ज्युनिअर केजीत जाईल. घरमालकाने मार्चअखेर जागा सोडायला सांगितली आहे. ‘आता भाडं पुरे, स्वतःचं घेऊ’ इथपर्यंत दोघांचं एकमत, पुढे नाही. नवऱ्याला बदलापूरच्या नव्या संकुलातला टू बीएचके हवाय. हप्ता झेपतो, आणि संकुलातच ‘इंटरनॅशनल’ शाळा येणार असं माहितीपत्रकात छापलंय. पत्रलेखिकेला घोडबंदर रोडला घर हवंय, लहान असलं तरी चालेल, कारण तिथे नावाजलेल्या सीबीएसई आणि आयसीएसई शाळा आहेत. डोंबिवलीत स्टेशनपासून चालत अंतरावर राहणारी नणंद म्हणते, ‘इकडे या, मी आहे की.’ पण तिथली गर्दी नको वाटते, आणि जुन्या मराठी-सेमी इंग्रजी शाळांत ‘आता कोण घालतं’ असंही. सासूबाई चिपळूणला असतात, वर्षातले काही महिने येईन म्हणाल्यात. बदलापूरच्या बिल्डरने महिनाअखेरपर्यंत टोकन भरलं तरच सवलत, असं सांगितलंय. सोबत तिन्ही पर्यायांचा तक्ता जोडलाय आणि खाली प्रश्न: चांगल्या शाळेसाठी यातलं कोणतं उपनगर निवडू?

प्रिय मैत्रिणी,

तक्ता मन लावून केलाय तुम्ही. चौरस फूट, हप्ता, शाळेची फी, स्टेशनपासूनचं अंतर, सगळं आहे. एकच रकाना नाही, आणि माझ्या मते राहायचं कुठे हे त्याच रकान्यावरून ठरायला हवं. केजी साधारण तीन तासांची. नऊला भरली तर बाराला सुटणार. तुम्ही दोघं घरी येता साडेसात-आठला. मधले सात-आठ तास मुलगी कुठे असेल? तिला शाळेतून आणणार कोण, जेवायला कोण घालणार, आणि त्या माणसाला ताप आला तर त्या दिवशी दुसरं कोण?

सकाळचाही पेच आहेच. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. मुलांच्या झोपेसाठी चांगलं झालं. पण साडेसातची लोकल पकडणाऱ्या आई-बापांनी नऊच्या शाळेत मूल सोडायचं कसं, हे ज्याचं त्याने बघायचं. त्यात दोन सत्रांत चालणाऱ्या शाळांचं वेळापत्रक आणखी वेगळं. म्हणून कुठल्याही शाळेत गेलात तरी ज्युनिअर केजीची आणि पहिलीची, दोन्ही वेळा विचारून घ्या. केजी दुपारी आणि पहिली सकाळी असेल, तर दोन वर्षांनी बसलेली घडी पुन्हा मोडावी लागते.

आता याच नजरेने तुमचे पर्याय बघू. बदलापूरहून ठाणे लोकलने साधारण पाऊण तास. ठाण्याला उतरून पूल चढायचा, ट्रान्सहार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या लोकलच्या, फलाटावर जायचं, पुढे ऐरोली दहा मिनिटं. घरापासून बदलापूर स्टेशन आणि ऐरोली स्टेशनपासून ऑफिस धरलं तर एका बाजूने पावणेदोन तास सहज. नवऱ्याला कुर्ल्याला उतरून बीकेसीसाठी रिक्षाची किंवा बसची रांग लावायची आहे, त्याचे दोन तास होतील. हे सगळं गाड्या वेळेवर धावल्या तर. कल्याणच्या पुढे बदलापूरकडे दोनच मार्ग आहेत आणि त्यांवरूनच मेल-एक्स्प्रेसही जातात. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम चालू आहे. ते पूर्ण होईल तेव्हा चित्र बदलेल, पण तुमची मुलगी या जूनमध्ये शाळेत जाणार आहे.

होऊ घातलेल्या मार्गांवर घर घेण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. कळवा-ऐरोली उन्नत रेल्वेमार्ग २०१६ च्या अखेरीस मंजूर झाला. तो झाला तर कल्याणकडून नवी मुंबईला जाणाऱ्यांचा ठाण्याचा फेरा वाचेल, तुमच्यासारख्यांसाठीच आहे तो. त्यातलं दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. कळव्याकडून येणाऱ्या गाडीची लोक अजून वाट बघताहेत. घोडबंदरची मेट्रो ४ अशीच, काम सुरू झालं २०१८ मध्ये. बिल्डरच्या नकाशावर हे सगळं ठळक रेषेने काढलेलं असतं. तुम्ही तक्ता करताना आज जी गाडी धावते तीच धरा.

घोडबंदर रोडबद्दल तुम्ही शाळांचं लिहिलंत ते खरं आहे, पर्याय भरपूर आहेत. पण तिथून ठाणे स्टेशनला बसने किती वेळ लागतो हे रविवारी घर बघायला जाऊन कळत नाही. कासारवडवलीहून सोमवारी सकाळी आठला निघून बघा. स्टेशन गाठण्यातच इतका वेळ जाऊ शकतो की डोंबिवलीचा माणूस तोवर कुर्ल्याला उतरलेला असेल. तक्त्यात तुम्ही ‘ठाणे’ लिहिलंय, त्यामुळे ते जवळ वाटतं. नौपाडा किंवा पाचपाखाडी असतं तर गोष्ट वेगळी, पण तिथल्या किमती तुमच्या बजेटात बसणार नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे.

राहता राहिली डोंबिवली. गर्दीचं तुम्ही म्हणता ते मी खोडून काढणार नाही. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून पडून माणसं गेली, त्यानंतर या मार्गाची गर्दी ‘सवय होते हो’ म्हणून झटकून टाकायची गोष्ट राहिलेली नाही. डोंबिवलीहून सुटणारी लोकल गाठली तर निदान चढता तरी येतं. वेळापत्रकात त्या गाड्या शोधा आणि ऑफिसची वेळ त्याप्रमाणे मागून बघा. पण या गावात एक गोष्ट आहे जी नव्या संकुलांत सहसा नसते. दोन पिढ्या नोकरदार आई-बाप मुंबईला जाताहेत, त्यामुळे त्यांच्या मुलांना सांभाळायची सोय गावातच उभी राहिली आहे. घरगुती पाळणाघरं, शाळेतून मुलांना आणून सोडणाऱ्या मावशी, पोळी-भाजी केंद्रं, शिकवणीला जाणारी शेजारची मोठी मुलं. नव्या संकुलात तरणतलाव पहिल्या दिवसापासून असतो. दुपारी बारा वाजता मुलाला आणायला जाणारं माणूस मिळायला वर्षं लागतात.

आता नणंदेचं. ‘मी आहे की’ याचा अर्थ तुम्ही अजून विचारलेला दिसत नाही. रोज दुपारी मुलीला आणून संध्याकाळपर्यंत सांभाळेन, की कधी अडलं-नडलं तर आहे? दोन्ही मोलाचंच, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हे संकोच न करता विचारायला हवं, आणि ते तुम्ही नाही, तिच्या भावाने विचारावं. रोजचं असेल तर तिच्या दुपारीही जाणार, त्याचं काय करायचं तेही त्याच बैठकीत बोला. सासूबाईंच्या ‘काही महिन्यां’वर मात्र वर्षभराची आखणी करू नका. त्यांचं गाव, त्यांचं घर, त्यांची गुडघेदुखी. त्या येतील तेव्हा ती चैन समजा.

एक निरीक्षण, रागावू नका. ‘मला लवकर निघावं लागेल’, ‘मला शिफ्ट बदलून घ्यावी लागेल’ असं पत्रात वारंवार येतं. नवऱ्याच्या ऑफिसबद्दल ते बीकेसीत आहे याखेरीज एक अक्षर नाही. घर निवडण्याआधी दोघांनीही आपापल्या ऑफिसात विचारून या: आठवड्यातून किती दिवस घरून काम मिळेल, सकाळी दहाऐवजी अकरा किंवा आठ चालेल का. तुमच्या कंपनीत पाळणाघर आहे का, हेही. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची असते. मनुष्यबळ विभाग ते आपणहून सांगेलच असं नाही, विचारावं लागतं.

आणि मग माझा प्रश्न: तुमच्या तक्त्यात ऐरोलीच का नाही? विकत घ्यायला महाग, म्हणून तुम्ही ती खोडली असणार. पण दोन वर्षं भाड्याने राहायला? सिडकोने आखून वसवलेल्या नोडमध्ये, म्हणजे नवी मुंबईच्या अशा उपनगरांत, शाळांसाठी भूखंड आधीपासून राखलेले असतात, त्यामुळे चालत जाण्याजोगी शाळा मिळण्याची शक्यता चांगली. आई-बाबांपैकी एकजण शाळेपासून पंधरा मिनिटांवर असणं ही जी सोय आहे, तिची किंमत चौरस फुटात मोजता येत नाही. ऐरोलीत जमलं नाही तर घणसोली, कोपरखैरणे बघा. नवऱ्याला ठाण्यावरून कुर्ला गाठता येतं किंवा वाशीवरून. त्याचा प्रवास भांडुपपेक्षा वाढेल, बदलापूरपेक्षा बराच कमी राहील.

‘भाडं म्हणजे पैसे पाण्यात’ हे वाक्य तुम्ही सासऱ्यांच्या नावाने लिहिलंय, पण तुम्हालाही ते पटलेलं दिसतं. मला पटत नाही. पहिली अजून दोन वर्षं लांब आहे. (वयाचं म्हणाल तर राज्यात पहिलीसाठी त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हवीत; तुमची मुलगी त्यात निवांत बसते, घाई नको.) अकरा-अकरा महिन्यांचे दोन करार करून एखाद्या गावात राहून बघितलंत, तर पावसाळा कळतो, पाणी किती वाजता येतं ते कळतं, शाळा आतून कळते. वीस वर्षांचं कर्ज काढल्यावर हे कळून उपयोग नसतो. यात एक अडचण आहे ती लपवत नाही: पुष्कळ खासगी शाळा केजीलाच जागा भरतात आणि पहिलीला फार थोड्या उरतात. म्हणून भाड्याचं घर घ्याल तेही अशाच गावात, जिथे शाळा आवडली तर पुढे विकत घ्यायची तुमची तयारी आहे किंवा निदान भाड्याने टिकून राहायची.

शाळेकडे वळू. ‘चांगली शाळा’ म्हणताना पत्रात तुम्ही दर वेळी बोर्डाचं नाव घेता. चौथीपर्यंत बोर्डाने फारसा फरक पडत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. राज्य मंडळाच्या शाळांतही २०२५-२६ पासून, पहिलीपासून सुरुवात करून, टप्प्याटप्प्याने सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम आणायचं सरकारने ठरवलंय. उलट बाजूने, कुठल्याही बोर्डाची शाळा असो, राज्यात मराठी शिकवणं २०२० च्या कायद्याने सक्तीचं आहे. लहान मुलाला फरक पडतो तो वर्गात किती मुलं आहेत, बाई दरवर्षी बदलतात की टिकतात, आणि घरी यायला बसमध्ये किती वेळ बसावं लागतं याने. शिक्षण हक्क कायद्याचा निकष पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक असा आहे. तुमच्या डोळ्यांसमोरच्या ‘नावाजलेल्या’ शाळेत एका तुकडीत किती मुलं आहेत ते मोजून या.

सेमी इंग्रजीबद्दल ‘आता कोण घालतं’ हा प्रश्न खरंच विचारा, डोंबिवलीत आणि जुन्या ठाण्यात त्याचं उत्तर देणारे आई-बाप भेटतील. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून, अनुदानित शाळा, फी किरकोळ, शाळा पायी जाण्याच्या अंतरावर. तुम्ही स्वतः संगमनेरच्या मराठी शाळेतून आयटीत पोचलात असं तुम्हीच पहिल्या ओळीत लिहिलंय. मी तुम्हाला तिकडे ढकलत नाही. इंग्रजी माध्यम निवडायला तुमची कारणं असतील. पण यादीतून नाव खोडायच्या आधी शाळेत एकदा जाऊन बसा. दहा वर्षांची फी आणि बस यांची बेरीज करा आणि ती घराच्या हप्त्याशेजारी मांडा, मग ‘बजेट’ या शब्दाचा आकारच बदलतो.

शाळा तपासायची म्हणजे काय, हे बाकीच्या वाचकांनीही विचारलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी नोंदीतला क्रमांक) असतो, तो मागा. ‘सीबीएसई पॅटर्न’ आणि ‘सीबीएसई संलग्न’ यांत गोंधळ करू नका. पॅटर्न कुणीही म्हणू शकतं, संलग्नता क्रमांक मंडळाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. संलग्न शाळेला शिक्षकसंख्या, फी, अग्निसुरक्षा प्रमाणपत्र अशी माहिती आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावी लागते, ती वाचा. ‘इंटरनॅशनल’ला स्वतःची अशी कुठलीही मान्यता नसते. आणि जी शाळा अजून उभीच नाही, तिच्या भरवशावर घर घेणं मला तरी धाडसाचं वाटतं. फीवाढ पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते, हे २०११ च्या शुल्क नियमन कायद्यात आहे. गेल्या वेळी किती वाढली आणि समितीत कोण होतं, हे तिथल्या पालकांना विचारा. पावतीशिवाय देणगी मागितली तर तिथून उठा.

सुरक्षेबद्दल विचारताना लाजू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरातल्या शाळेत चिमुरड्या मुलींवर जे गुदरलं, ते कुठल्याही गावात घडू शकलं असतं, त्यासाठी मी बदलापूर वगळा म्हणणार नाही. पण त्यानंतर प्रत्येक शाळेला विचारायचे प्रश्न ठरून गेलेत. सफाई कर्मचाऱ्यांपासून बसचालकापर्यंत सगळ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? लहान मुलींना स्वच्छतागृहात कोण नेतं? सीसीटीव्ही चालू आहेत का आणि चित्रण बघतं कोण? सखी सावित्री समितीत (मुलांच्या सुरक्षेसाठीची शाळेतली समिती) पालक प्रतिनिधी कोण? मुख्याध्यापक या प्रश्नांवर चिडले, तर तुमचं उत्तर मिळालं. शाळेच्या बसमध्ये महिला मदतनीस असायला हवी. बारा मुलं कोंबलेली व्हॅन स्वस्त पडते म्हणून घेऊ नका.

आणखी एक, जे मुंबईच्या बाहेरच्यांना सांगावं लागतं आणि मुंबईकर विसरतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लाखो माणसं त्या रात्री घरी पोचली नाहीत. तेवढा पाऊस क्वचित पडतो, पण गाड्या बंद पडायचा दिवस दरवर्षी येतो. तुम्ही दोघं ठाण्याच्या अलीकडे अडकलात तर रात्री मुलगी कुणाकडे झोपेल? चालत पोचेल अशा अंतरावरची दोन नावं लिहिता येत नसतील, तर ते गाव तुमच्यासाठी अजून तयार नाही. बदलापुरात घर बघणाऱ्यांनी तर उल्हास नदीची निळी आणि लाल पूररेषाही, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषा, बघाव्यात. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली ती त्याच पट्ट्यात.

तुमच्यासारखंच पत्र वसई-विरारहून आणि पनवेलहूनही येतं. हिशेब तोच लावा, फक्त गाडी बदलते. दोघांची ऑफिसं दक्षिण मुंबईत असतील तर ‘एकजण शाळेजवळ’ हे जमणार नाही; मग आजी-आजोबा किंवा खात्रीचं पाळणाघर जिथे, तिथेच घर, आणि मग त्या भागातली बरी शाळा. एकट्या पालकांसाठी तर याखेरीज दुसरा क्रम मला दिसत नाही.

मला विचाराल तर: नणंद रोजची जबाबदारी आनंदाने घेणार असेल तर डोंबिवलीत तिच्या जवळ भाड्याने जा. ती फक्त अडीअडचणीपुरती असेल तर ऐरोली-घणसोलीत भाड्याने, मुलीचं पाळणाघर तुमच्या ऑफिसच्या वाटेवर. दोन्हीकडच्या शाळांचे अर्ज आत्ताच आणा, कारण घरमालकाची मुदत मार्चची असली तरी बऱ्याच खासगी शाळांचे प्रवेश त्याआधीच उरकतात.

पुढेमागे विकत घ्याल तेव्हा प्रकल्प महारेरावर (राज्याच्या गृहनिर्माण नियामकाच्या संकेतस्थळावर) बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारती बनावट परवानग्या दाखवून महारेरात नोंदवल्याचं उघड झालं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. आत राहणाऱ्यांनी कर्ज काढूनच घरं घेतली होती. बांधकाम परवानगी खरी आहे का, हे महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन विचारा, तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. तेही घरी बोलायला काढा.

महिनाअखेरच्या टोकनचं म्हणाल तर भरू नका. सवलत पुढच्या महिन्यात वेगळ्या नावाने परत येते. आणि नवऱ्याने भरायचंच ठरवलं असेल, तर त्याला एवढं सांगा की नोंदणीकृत करार होण्याआधी घराच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही, आणि जी देऊ तिची पावती त्याच दिवशी हातात हवी, चेकनेच.